गच्चीवरील वीज

सोलापूर शहरात, जुन्या कापडगिरणीजवळच्या एका गल्लीत, सपाट गच्चीचे एक बैठे घर आहे. गिरणीत कामाला असलेल्या आजोबांनी पै पै साठवून ते बांधले. आजोबा निवर्तल्यास आता नऊ वर्षे झाली होती. घरात आजी, एस.टी.त वाहक असलेला त्यांचा मुलगा, अंगणवाडीत सेविका असलेली सून आणि सातवीत शिकणारी नात, अशी चार माणसे राहत. फाल्गुन लागला की त्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नसे. आजी तेथे कुरडया, पापड आणि सांडगे वाळवीत. उन्हाचा एवढाच काय तो उपयोग.

इकडे विजेचे बिल मात्र वाढत चालले होते. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर आणि दिवे मिळून दरमहा सुमारे १८० युनिट वीज खर्च होई. तेव्हा २०२४ सालच्या मार्गशीर्षात नातीने शाळेत ऐकलेली एक गोष्ट घरी सांगितली : घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविणाऱ्यास केंद्र सरकार अनुदान देते.

गोष्ट खरी होती. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू झाली. देशातील एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवावयाचे आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये खर्चावयाचे, असा तिचा संकल्प आहे. अनुदानाचा हिशेब पाठ होण्याइतका सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे एका किलोवॉटला ३०,०००, दोनाला ६०,००० आणि तिनाला ७८,००० रुपये. याहून मोठा संच बसविला तरी एका घरास ७८,००० रुपयांपेक्षा अधिक मिळत नाही.

किती किलोवॉटचा संच घ्यावा, हे नातीनेच वहीत मांडून दाखविले. एका किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज देते. दोन किलोवॉटला आठ; तीस दिवसांची दोनशे चाळीस. घराची गरज एकशे ऐंशी. पावसाळ्यात वीज कमी निर्माण होणार, तेव्हा दोन किलोवॉट पुरेसे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते, तीही होती.

हे पॅनेल म्हणजे मूळ सिलिकॉनच्या पातळ चकत्या होत. काच आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीत त्या ओळीने बसविलेल्या असतात. प्रकाश पडला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि वीज वाहते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ साली असा पहिला उपयुक्त सौर घट तयार केला. पडलेल्या उन्हापैकी शंभरातील जेमतेम सहा भागांची तो वीज करी. आजची घरगुती पॅनेले वीस भागांहून अधिक करतात. मात्र ही वीज एकाच दिशेने वाहणारी असते. घरातील उपकरणांना ती जशीच्या तशी चालत नाही, म्हणून भिंतीवर एक इन्व्हर्टर बसवावा लागतो. तो एकदिश विजेचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतो.

यंत्राचा भाग इतकाच. खरी कसोटी कागदांची होती.

योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर अर्ज करावयाचा, त्यात वीजबिलावरील ग्राहक क्रमांक घालावयाचा, ही पहिली पायरी. नोंदणीस शुल्क नाही. कोणा मध्यस्थास पैसे देण्याचेही कारण नाही. मुलाने जुने बिल काढले आणि तो थबकला. ग्राहकाच्या जागी आजोबांचे नाव होते. नऊ वर्षे बिल वेळेवर भरले जात होते, त्यामुळे ते बदलण्याची गरज कोणास वाटली नव्हती. परंतु अर्ज करणाराचे नाव आणि बिलावरील नाव एकच असावे लागते. अनुदानही त्याच माणसाच्या बँक खात्यात जाते. हयात नसलेल्या माणसाच्या नावे अर्ज कसा व्हावा?

“आई, बिलावर तुझे नाव लावून घेऊ,” मुलगा म्हणाला.

आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हा मीटर त्यांनी आणला. त्या दिवशी साऱ्या गल्लीला पेढे वाटले होते. त्यांचे नाव पुसून मला वीज नको.”

“अगं आजी, नाव पुसायचे नाही,” नात म्हणाली. “घराच्या पाटीवर ते आहेच की. हे नाव फक्त हिशेबाचे. पैसे कोणाला द्यायचे, हे सरकारला कळायला नको का?”

आजींचे समाधान झाले असे नाही. पण त्यांनी पेटीतून मृत्यूचा दाखला काढून दिला. त्यासोबत मालमत्ता कराची पावती लागली, आणि आजोबांच्या दोन्ही मुलींची ना-हरकत पत्रे लागली. एक आत्या गावातच होती. दुसरी गोव्यात, मडगावला. तिचे पत्र येईपर्यंत पौष निम्मा संपला. महावितरणच्या दप्तरी नाव बदलल्यावर मगच सौर अर्ज भरता आला. वारसाची नोंद वेळच्या वेळी न केल्याने किती घरांची कामे अशी अडून राहत असतील, कोण जाणे!

पुढची पायरी त्या मानाने लवकर पार पडली. २०२४ साली वीजग्राहकांच्या हक्कांविषयीचे नियम सुधारण्यात आले. त्यांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या छपरावरील संचासाठी तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही. आता नोंदणीकृत विक्रेता निवडावयाचा होता. एका दुकानदाराने बरीच स्वस्त पॅनेले दाखविली. मुलगा भुललाच होता, पण सुनेने विचारले, “दादा, यातले सौर घट कुठे बनलेले आहेत?” ते परदेशी होते. या अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौर घट, दोन्ही भारतात तयार झालेली असावी लागतात. स्वस्त माल घेतला असता, तर साठ हजार रुपये हातचे गेले असते.

दुसऱ्या विक्रेत्याने, जो नोंदणीकृत होता, दोन किलोवॉटच्या संचाची किंमत १,२०,००० रुपये सांगितली.

“साठ हजार सरकार देणार, साठ हजार आपण द्यायचे,” आजी म्हणाल्या.

“नाही आई, आधी सगळे आपणच द्यायचे,” मुलाने सांगितले.

येथे आजींना आपल्या वडिलांची तगाई आठवली. विहिरीसाठी सरकारने पैसे आधी दिले होते आणि वडिलांनी ते हप्त्यांनी फेडले होते. हा व्यवहार उलटा होता. संच बसला, तपासला गेला आणि चालू झाला, म्हणजे मगच अनुदान येते. सरकारच्या बाजूने पाहता यात शहाणपण आहे. पैसे घेऊन पॅनेल न बसविण्यास वाव उरत नाही. परंतु ज्याच्या गाठी पैसा नाही, त्याला ही पायरी सर्वांत उंच वाटते, हेही खरे. त्यासाठीच सरकारी बँका तीन किलोवॉटपर्यंतच्या संचास तारणाशिवाय कर्ज देतात. घरात शिल्लक चाळीस हजार होती. उरलेल्या ऐंशी हजारांचे कर्ज सुनेने बँकेत दोन खेपा घालून मंजूर करून घेतले.

माघात कामगार आले. लोखंडी सांगाडा उभारून त्यांनी पाचशे चाळीस वॉटची चार पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून बसविली. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्याने सूर्य वर्षातील बहुतेक काळ दक्षिणेकडून तापतो, म्हणून ही दिशा. पाण्याची टाकी मात्र हलवावी लागली. पॅनेले एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली तरी साऱ्या माळेची वीज घटू शकते. काम झाल्यावर संचाची आणि घरमालकिणीची छायाचित्रे संकेतस्थळावर चढविण्यात आली. आजी त्यासाठी नऊवारी बदलून आल्या होत्या.

मग महावितरणचे अधिकारी आले. त्यांनी संच तपासला आणि जुना मीटर काढून नवा, दोन्हीकडचे मोजणारा मीटर बसविला. दुपारी घरात वापरून उरलेली वीज बाहेरच्या तारांत जाते. रात्री तेथून वीज घरात येते. आलेल्या युनिटांतून गेलेली युनिटे वजा करून बिल निघते. गेलेली अधिक असतील तर ती पुढील महिन्याच्या खाती पडतात. तपासणीचा अहवाल लागल्यावर बँक खात्याचा तपशील भरला गेला. काही दिवसांनी आजींच्या खात्यात ६०,००० रुपये जमा झाले, ते तसेच कर्जात भरण्यात आले. कर्ज वीस हजारांवर आले.

चैत्रात एकदा भर दुपारी गल्लीतील वीज गेली, आणि या घरातील पंखाही थांबला. शेजारी हसले. “डोक्यावर ऊन आणि घरात अंधार!” नात वरमली, तिला कारण ठाऊक नव्हते. ते विक्रेत्याच्या माणसाने सांगितले. तारेवर दुरुस्तीसाठी वायरमन चढलेला असतो. घरोघरच्या गच्च्यांवरून त्या तारेत वीज गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर आपण होऊन बंद होतो. अशा वेळीही वीज हवी असल्यास निराळी बॅटरी लागते. तिचा खर्च या घराला झेपणारा नव्हता.

पुढे आजींच्या नावचे बिल आले. ते त्यांनी नातीकडून वाचवून घेतले. विजेच्या युनिटांपुढे शून्य होते, पण खाली काही रक्कम होतीच.

“मोफत म्हणत होतात ना?” आजींनी विचारले.

“हा स्थिर आकार, आजी. आपण मीटर ठेवतो, त्याचा. तो सगळ्यांनाच द्यावा लागतो.”

आजींनी ते बिल आजोबांच्या नावच्या शेवटच्या बिलावर ठेवून पेटीत घातले. पॅनेलांपुढे दक्षिणेची जी पट्टी सावली न पडण्यासाठी मोकळी ठेवावी लागली होती, तिच्यावर त्यांनी त्या वर्षीच्या कुरडया घातल्या. कुरडयांची सावली पडत नाही. पण तेथे कोणी लुगडे वाळत घालावयास दोरी बांधू लागले, की आजी खालूनच हाक मारीत.