पौर्णिमेला काजवे दाखवणारा माणूस

"चांदण्यात तर अजून छान दिसतात, ताई." फोनवर मला मिळालेलं हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. मी स्वच्छ विचारलं होतं, शनिवारी वटपौर्णिमा आहे, त्या रात्री भंडारदऱ्याला काजवे दिसतील ना? त्यामुळे नंतर त्याच सहलवाल्याने "निसर्गापुढे आपलं काय चालणार" असं ऐकवलं, ते मला मुळीच मान्य नाही. निसर्गाचं काहीही चुकलं नव्हतं.

2023 चा जून. नणंद मुलाबाळांसह इंदूरहून शिर्डीला आलेली, रविवारी परतीची गाडी, म्हणजे हातात एकच संध्याकाळ. सात जणांचे माणशी अठराशे मी आगाऊ भरले, "सगळं धरून" या बोलीवर. चारला निघणारी बस शिर्डीतून हलली पावणेसहाला. वाटेत दोन ढाब्यांवर थांबा. संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या शेंडीला पोचायला साडेनऊ झाले आणि वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशाचे पैसे पुन्हा आमच्याकडूनच मागितले.

पुढे गाड्यांची रांग. एका झाडाशी बस थांबली, पण ना इंजिन बंद केलं ना पुढचे दिवे. चंद्र डोंगराच्या चांगलाच वर आलेला, झाडाचं पान न् पान दिसत होतं. सहलवाल्याने बरोबर दिलेल्या पोराने फांद्यांवर विजेरी मारली, "ते बघा, ते बघा." मोजून दहा-बारा ठिपके. कडेला मक्याची कणसं भाजत बसलेले एक म्हातारबाबा होते. ते मला म्हणाले, "बाई, आज चांद केवढा, त्यात ह्या गाड्यांचा उजेड. काजवा दिसायचा कसा? अवसेच्या अंगानं यायचं." त्या एका वाक्यात सगळं कळलं. नर चमकतो तो मादीला बोलावण्यासाठी, आणि ती खूण अंधारातच पोचते. ही गोष्ट कणसं भाजणाऱ्या बाबांना ठाऊक होती. मग दर शनिवारी बस भरून आणणाऱ्याला ठाऊक नसेल? ठाऊक होती. राग त्याचाच आहे. त्याला फक्त शनिवार भरायचा होता.

याहून वाईट पुढे झालं. मुलं हिरमुसलेली पाहून त्या पोराने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पाच-सहा काजवे धरले आणि भाच्याच्या हातात दिले. मी सोडायला लावेपर्यंत बस सुटलेली. सकाळी शिर्डीच्या खोलीत बाटलीच्या तळाशी ते मरून पडले होते. भाचा आठ वर्षांचा. तो काही बोलला नाही, बाटली मात्र कुणाला टाकूही देईना. पैसे परत मागितले, तर म्हणे, "दिसले की नाही काजवे?"

म्हणून सांगते, आधी कॅलेंडरात तिथी बघा, मग सहलवाल्याला फोन करा. मेअखेरपासून पावसाने जोर धरेपर्यंतच हा खेळ असतो, त्यातही अमावस्येच्या मागचे-पुढचे दिवस धरा. शनिवार-रविवार टाळा. "भंडारदरा" एवढ्यावर समाधान मानू नका. उडदावणे, पांजरे, घाटघर, रतनवाडी यांपैकी नेमकं कुठे नेणार, ते गावाचं नाव घेऊन विचारा आणि बरोबर त्या गावचा माणूस असेल का तेही विचारा. माझ्या सहलवाल्याला गावाचं नाव सांगता आलं नव्हतं, तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. मोठी बस नको. उजेड असताना पोचा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, अंधार आपोआप होऊ द्या. विजेरीला लाल कागद लावा, तीही जमिनीकडेच धरा. रस्ता सोडून झाडाखाली शिरू नका, कारण काजव्यांची अंडी ओल्या मातीत असतात आणि अळ्याही तिथेच गोगलगायी खाऊन वाढतात. पैसे सगळे आगाऊ देऊ नका, काय काय धरलंय ते लिहून घ्या. पाणी, अंगभर कपडे, बूट हवेतच. आणि शिर्डीहून एका संध्याकाळीत जाऊन परत यायचं असेल तर नका जाऊ, रात्र तिथेच काढता येत असेल तरच निघा.

2024 ला अमावस्या 6 जूनची. आम्ही दोघं आदल्या दिवशी पांजऱ्याला एका घरी मुक्कामाला गेलो. जेवण झाल्यावर घरधन्याने अंगणातला दिवा मालवला आणि थोडं चालवत नेलं. सादड्याचं अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, मग शेजारचं. कुणी बोलत नव्हतं. फोटो मी काढलाच नाही. रात्रीच नणंदेला फोन लावून सांगितलं. तिने भाच्याला हाक मारली, तर तो म्हणाला, "मामीला विचार, त्यांना कुणी पकडत नाही ना तिथे?"