मांडवांचा सण आणि आपली लेकरे

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१३-१८

इस्राएल लोकांच्या सणांपैकी मुलांचा लाडका सण कोणता असावा, असे शब्बाथ शाळेत विचारले तर बहुतेक मुले वल्हांडणाचे नाव घेतात. कारण ती गोष्ट त्यांना पाठ असते. पण वल्हांडणाला कडू भाजी खावी लागे, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी तर उपास! मांडवांच्या सणाची गोष्ट निराळी. सातव्या महिन्याच्या १५ व्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, हा सण सुरू होई. खळ्यातले धान्य आणि द्राक्षांचा रस घरी आलेला असे. मग आईबाप, मुले, आजीआजोबा अशा सर्वांनी झाडांच्या डहाळ्या आणायच्या, त्यांचा मांडव घालायचा आणि सात दिवस त्यात राहायचे. छप्पर इतके विरळ असावे की रात्री त्यातून तारे दिसावेत, अशी यहूदी लोकांत रीत आहे. ज्या सणात भरले घर सोडून उघड्यावर निजायला मिळते, तो सण कोणत्या मुलाला आवडणार नाही?

आपल्या पाठात ही गोष्ट कोणत्या वेळी घडली तेही पाहावे. यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत, अलूल महिन्याच्या २५ व्या दिवशी पुरा झाला, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. अलूल हा सहावा महिना. म्हणजे कोट उभा राहून तीन आठवडेही झाले नव्हते. इतकी वर्षे पडक्या गावात, शत्रूंच्या धाकात काढल्यावर हक्काच्या भिंती मिळाल्या, वेशींना दारे बसली. आणि लागलीच या लोकांनी काय केले? डोंगरावर जाऊन जैतून, मेंदी, खजूर यांच्या फांद्या आणल्या आणि कोणी घराच्या धाब्यावर, कोणी अंगणात, कोणी मंदिराच्या आवारात, कोणी वेशीजवळच्या चौकात पाल्याचे मांडव घालून त्यांत जाऊन बसले! नूनाचा पुत्र यहोशवा याच्या काळापासून असे झाले नव्हते, आणि तेव्हा फार मोठा आनंद झाला, असे नहेम्या लिहितो. हे नियमशास्त्रात शोधून काढणारे लोक घराण्यांचे वडील होते, हेही विसरू नये. एज्राकडे ते अभ्यासाला आले, आणि घरी जाऊन लेकरांना घेऊन कामाला लागले.

याचे कारण लेवीयाच्या २३ व्या अध्यायात दिले आहे. मिसरातून निघालेल्या वाडवडिलांना देवाने मांडवांत ठेवले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. नुसते सांगून कळत नाही, म्हणून सात दिवस राहून पाहायचे. पाठीला जमीन टोचली, पहाटे थंडी वाजली, की मूल आपण होऊन विचारते, "आजोबा, ते लोक चाळीस वर्षे असेच राहिले?" धडा तिथे सुरू होतो.

आता आपल्याकडे वळू. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतील आपल्या मंडळ्यांत आज पुष्कळांची घरे स्लॅबची आहेत, पोटाला चिमटा घेऊन आणि बँकेचे हप्ते फेडून बांधलेली. देवाचे उपकार आहेत. पण आपल्यातील कितीकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर कुडाच्या खोपीत जन्मले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? बहुतेक घरांत ही गोष्ट निघत नाही. पाहुण्यांपुढे तर नाहीच. मुलाला वर्गात कोणी हिणवू नये, ही बापाची धास्ती खरी आहे, आणि तिला मी नावे ठेवणार नाही. तरी मुलांना ती गोष्ट कोणाच्या तरी टोमण्यातून पहिल्यांदा कळावी, यापेक्षा आजीच्या तोंडून, शेकोटीशी, रताळी भाजता भाजता कळलेली किती बरी! इस्राएलांनी आपले गुलामपण व वणवण लपवली नाही. तिचा सण केला. शेतकरी झाल्यावर, घरेदारे झाल्यावर केला.

म्हणून मला असे वाटते की वर्षातून निदान एक रात्र प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने लेकरांसह उघड्यावर काढावी. लांब जाण्याचे कारण नाही. भीमगडचे रान २०११ सालापासून अभयारण्य आहे; तिथे परवानगीवाचून मुक्काम करणे गुन्हा आहे, आणि लहान मुलांना घेऊन तिथे जाण्यात शहाणपणही नाही. मामाचे, आत्याचे किंवा मंडळीतल्या एखाद्या शेतकरी बांधवाचे शेत पुरे. तेही नसेल तर गच्ची आहेच. नहेम्याच्या काळी धाब्यावर चालले, तर आज स्लॅबवर का चालू नये? यहूद्यांचा सण आपल्या आश्विनाच्या सुमारास येतो, पण तेव्हा आपल्याकडचा पाऊस सरलेला असतोच असे नाही. नाताळ ते संक्रांत हे दिवस उत्तम. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे, तेव्हा कांबळी व कानटोप्या विसरू नयेत. शुक्रवारी जावे व शनिवारी संध्याकाळी परतावे, म्हणजे रविवारची उपासना चुकत नाही. (सहलीसाठी उपासना बुडविणाऱ्यांना हा लेख सबब म्हणून वापरता येणार नाही!)

खोप मुलांकडूनच घालून घ्यावी. चार कळक, सुतळी, वर उसाचे पाचट किंवा जुने धोतर. ती वाकडी झाली तरी वडिलांनी सरळ करू नये. पाचट क्षणात पेट घेते, म्हणून चूल खोपीपासून चांगली लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला मांडावी. निजायला बाज असेल तर उत्तम. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली सगळीकडून खोचाव्यात. मण्यार रात्रीच फिरतो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला तो चावला तर पुष्कळदा कळतही नाही. बॅटरी उशाशी असावी. दुर्दैवाने काही झालेच तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे मिळते. आणि मुले मोजावीत. योसेफ व मरीया यांनीही मुलगा सोबतच्या घोळक्यात असेल असे समजून एक दिवसाची वाट चालली होती.

जेवणाचा थाट नको. भाकरी, निखाऱ्यावरचे वांग्याचे भरीत, मीठ, कांदा. बेळगाव तालुक्यात रताळी भरपूर पिकतात. ती राखेत पुरून ठेवावीत आणि कोणाचे आधी भाजले याचे भांडण मुलांना करू द्यावे. मोबाईल एकच असावा, तोही अडीअडचणीसाठी वडिलांच्या खिशात. मग दिवे मालवून वर पाहावे. जानेवारीच्या रात्री कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर येतो, पाठोपाठ रोहिणी, मग मृग, आणि त्याच्या खाली लखलखणारा व्याध. कृत्तिका व मृग यांची नावे ईयोबाच्या ३८ व्या अध्यायात आहेत. तो अध्याय वर्गात वाचून मुले जांभया देतात. इथे वाचावा, आणि बोटाने दाखवावे.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि शिक्षकांनी तिच्यावर थांबावे. अनुवादाच्या १६ व्या अध्यायात या सणात कोणी आनंद करावा याची यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, आणि आपल्या वेशीत राहणारा उपरा, अनाथ व विधवा. म्हणजे मांडवात आपलेच कुटुंब बसले तर सण अर्धाच झाला. आपल्या भागात उघड्यावर राहणारी सर्वच कुटुंबे हौसेने राहत नाहीत. पावसाळा सरला की धनगर बिऱ्हाड घोड्यावर लादून, लहान मूल आणि कोंबड्यांची पिल्ले त्यावरच बसवून रानोरान फिरतो. शेतकरी आपल्या रानात खतासाठी त्याची मेंढरे बसवतो, आणि त्याचा संसार काही रात्री त्याच तळावर असतो. कारखान्यांची धुराडी पेटली की ऊसतोडीची कुटुंबे येतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे एक 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव गेले, हत्याराचे उरले. त्यांची पोरे पाचटाच्याच कोपीत चार-पाच महिने काढतात, आणि अनेकांची शाळा तेवढे दिवस बुडते. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी निपाणीला महामार्गावर मुक्काम करून बसले होते, आणि त्याचा शेवट गोळीबारात झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस विचारावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, तेव्हा नदीकाठची किती कुटुंबे घरे सोडून शाळांतून राहिली, हे तर आपल्या मुलांनीही पाहिले आहे.

यामुळे सहलीचा आनंद कमी करावा असे माझे म्हणणे नाही. देवाने आनंद करण्याची आज्ञाच केली आहे. पण आपण मौजेने एक रात्र ज्या पाचटाखाली निजतो, त्याच पाचटाखाली शेजारच्या रानात एक मूल नोव्हेंबरपासून निजत आहे, हे आपल्या मुलाने पाहावे. पोरे पोरांकडे आपोआप जातात, त्यांना ओळख करून द्यावी लागत नाही. चेंडू असला की झाले. त्यांच्या आईबापांना मात्र आपण जाऊन, 'दादा', 'ताई' म्हणून, जेवायला बोलवावे. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे लवकर निजतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वीच बोलवावे, आणि रताळी घरून निघतानाच दुप्पट घ्यावीत.