पणजोबांचा माग, वर्गणी न भरता

साहित्य असं: मराठी टाइप करता येणारा मोबाइल, जमल्यास भाच्याचा लॅपटॉप, दोनशे पानी वही, आणि कोणाची सोयरीक कोणत्या गावी झाली हे तोंडपाठ असलेलं घरातलं एक म्हातारं माणूस. क्रेडिट कार्ड लागत नाही. वंशावळीची परदेशी संकेतस्थळं ‘काही दिवस फुकट’ म्हणतात आणि पुढच्याच पानावर कार्डाचा नंबर मागतात; तिथूनच परत फिरावं. अ‍ॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट यांच्याकडे हिंदुस्थानातलं जे आहे ते मुख्यतः इंग्रज अंमलदारांचं, पलटणींचं आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्यांचं. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे कापूस पेरणाऱ्या माणसाचा तिथे पत्ता लागत नाही. तो महसुलाच्या कागदात, कोतवालाच्या वहीत आणि शाळेच्या रजिस्टरात सापडतो, आणि यातला बराच ऐवज बसल्या जागी, फुकट पाहता येतो.

आधी गाव पक्कं करा. ‘आमचं मूळ गाव तळेगाव’ एवढ्यावर शोध सुरू केला तर चार-पाच गावांची माणसं एका घरात येऊन बसतात. वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यात तळेगाव (श्यामजी पंत) आहे, तळेगाव (टालाटुले) आहे, वर्धा नदीपलीकडे तळेगाव दशासर आणि तळेगाव ठाकूर आहेत. पुणेकरांनी तर फक्त तळेगाव दाभाडेच ऐकलेलं असतं. नागपूर-अमरावती महामार्गावरचं, आष्टीकडे फाटा फुटतो ते तळेगाव (श्यामजी पंत) आपलं. कंसातलं नाव कधी पूर्ण, कधी ‘श्या. पं.’, कधी ‘शामजीपंत’ असं येतं, म्हणून तिन्ही रूपं शोधून पाहावी.

तालुक्याचंही तसंच. आज हे गाव आष्टी तालुक्यात आहे, पण इंग्रजी अमदानीत वर्धा जिल्ह्याच्या तहसिली तीनच होत्या: वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट. जुना कागद आर्वी तहसिलीच्या नावाने शोधावा लागतो. जिल्हाच मुळी 1862 चा. त्याआधी हा मुलूख नागपूर जिल्ह्यात मोडायचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत स्पेलिंग वेगळं असतं: आर्वी, आष्टी यांच्या शेवटी आजच्या ‘आय’च्या जागी दोन ‘ई’, वर्ध्यात ‘ए’च्या जागी ‘यू’. एका स्पेलिंगने काही हाती लागलं नाही, तर दुसरं टाकून पाहा.

आता घरची पेटी. इथे लोक घाई करतात आणि थेट इंटरनेटवर जातात. घरात किंवा चुलत घरात कोणी जात पडताळणी केली असेल, तर ती फाइल आधी मागा. समितीपुढे वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि पुरावे जुने लागतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे. म्हणजे कोणीतरी पुतण्या अ‍ॅडमिशनच्या धसक्याने तहसिलीत खेटे घालून आजोबा-पणजोबांचे कागद कधीच गोळा करून बसलेला असतो, आणि ती फाइल कुलपात ठेवून विसरलेला असतो. तिचे फोटो काढून घ्या. माझ्या मते एवढी मेहनत घेतलेली, शिक्क्यासकट आणि फुकट वंशावळ दुसरी नाही. मात्र तीही डोळे मिटून मानू नये. ज्या शाखेला प्रमाणपत्र हवं होतं ती सविस्तर असते. लेकीबाळी, लहानपणी गेलेली मुलं आणि दुसरी बायको बऱ्याचदा गाळलेली असतात.

जुन्या लग्नपत्रिका, दाखल-खारीज रजिस्टरच्या नकला, मृत्यूचे दाखले याच पेटीत निघतात. म्हातारीला मात्र सन विचारू नका. ‘मालगुजारी गेली तेव्हा तुझा थोरला किती मोठा होता?’ असं विचारा. मालगुजारी 1951 मध्ये गेली. आष्टीच्या पोलीस ठाण्यावरचा मोर्चा 16 ऑगस्ट 1942 चा, मानमोडीची साथ 1918 ची, छप्पन्नचा दुष्काळ 1899-1900 चा. पाळण्यातला की चालता, एवढं कळलं तरी जन्माचं साल दोन-तीन वर्षांच्या फरकाने बसतं. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, आणि तिला विचारून ठेवा.

मग महाभूलेख हे जमिनीच्या कागदांचं सरकारी संकेतस्थळ. नागपूर विभाग, वर्धा जिल्हा, आष्टी तालुका, गाव, एवढं निवडून सातबारा उघडतो; गट नंबर माहीत नसेल तर पहिल्या नावाने, मधल्या नावाने किंवा आडनावाने शोधता येतं. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा घ्यायचा तर शुल्क आहे, पण वंशावळीला सहीची गरज नाही. सातबाऱ्यावर आज वावर कोणाच्या नावे आहे ते दिसतं; आपल्याला त्याच्या आसपास छापलेले फेरफार क्रमांक हवेत. ते सगळे वहीत उतरवा. यातला वारसाचा फेरफार म्हणजे सोनं: खातेदार कधी मयत झाला, मागे बायको, मुलगे, मुली कोण, मुलगी कुठल्या गावी दिली, हे एका परिच्छेदात येतं. जुन्या फेरफारांची स्कॅन केलेली पानं ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार आहेत. आपला जिल्हा यादीत दिसला तर तिथे, नाही तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा तहसिलीच्या अभिलेख कक्षात क्रमांक देऊन नक्कल काढायची. नकलेचे थोडे पैसे पडतात. ‘आजोबांचे कागद दाखवा’ म्हणणाऱ्याला उद्या बोलावतात; फेरफार क्रमांक आणि मौजा लिहून आणणाऱ्याला सहसा त्याच दिवशी उत्तर मिळतं.

1951 च्या मागे गेलात की कागदाची जात बदलते. वर्धा जिल्ह्यात गावाचा सारा मालगुजार भरायचा, कसणारे त्याची कुळं. म्हणून तिथे मिसल बंदोबस्त, पी-1, खसरा असे कागद मागायचे, आणि मालगुजारी गेल्यानंतरचा, साधारण 1954-55 चा अधिकार अभिलेख हा दोन्ही काळांना जोडणारा दुवा. मिसलीत कसणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, जात आणि जमीन सापडते. पण आजी नदीपलीकडची, मोर्शी-तिवसा भागातली असेल, तर हे शब्द उपयोगाचे नाहीत. वर्धा नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड. तिथे मुंबईच्या धर्तीची रयतवारी होती आणि खातेदार थेट सरकारला सारा देई. तिकडे जुना सर्व्हे आणि हक्क नोंदणी विचारायची. नदी ओलांडून मुली देणं-आणणं नेहमीचं, त्यामुळे एकाच घराच्या शोधात दोन्ही पद्धतींचे कागद लागतात.

आणि ज्यांच्या नावे वावरच नव्हतं? त्यांच्यासाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, कोतवाल बुक. गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू कोतवालाने कळवायचा आणि वहीत चढायचा. मालगुजाराचा नातू आणि सालदाराची लेक एकाच पानावर. मूल बहुतेक वेळा बिननावाचं असतं: तारीख, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात. म्हणून इथे आजोबांचं नाव शोधू नका; पणजोबांचं शोधा आणि त्यांच्या नावासमोरची सगळी अपत्यं क्रमाने उतरवा. आडनाव नसतं, ‘महादा वल्द गणू’ म्हणजे गणूचा मुलगा महादा, असा प्रकार असतो. बाई असेल तर ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. महादेव हा महादू, महादा, म्हादबा अशा कुठल्याही वेषात भेटेल. नाव आणि बापाचं नाव ही जोडी जुळली, आणि भावंडांत आणखी एक नाव जुळलं, तरच आपला माणूस धरावा.

ही पानं ऑनलाइन कुठे? 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने महाराष्ट्रभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या आणि अनेक जिल्हा प्रशासनांनी त्या आपापल्या संकेतस्थळावर तालुका-गावानुसार टाकल्या. शोध कुणब्यांचा, पण जिथे अख्खं पान स्कॅन झालं तिथे शेजारच्या घरांची नावंही आली. वर्धा आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांची संकेतस्थळं चाळा. काही पानं मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्याला अख्खी वही देऊ नका, तुमच्या मौजाची ओळ कापून फोटो पाठवा.

मतदार यादीने पसरलेली शाखा सापडते. तळेगाव आर्वी विधानसभा मतदारसंघात येतं. यादीची पीडीएफ निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. घर क्रमांक, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. एकाच घर क्रमांकातली माणसं पाहिली की वाटण्या झालेले चुलते ओळखू येतात.

तीर्थक्षेत्रांच्या वह्यांबद्दल लोकांना फार कुतूहल असतं, तर थोडक्यात. फॅमिलीसर्च हे अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचं संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे. खातं उघडायला पैसे नाहीत. तिथे हिंदू तीर्थयात्रा नोंदींच्या संग्रहात हरिद्वार, पेहोवा इथल्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत. नाव टाकून उत्तर येईल ही आशा धरू नका. पानं उलटत बसावं लागतं. विदर्भातल्या घराने त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे चौकशी करावी. नामावळ गाव आणि आडनावावरून लावलेली असते. फॅमिलीसर्चवरचं झाड सामाईक असतं, कोणीही फांदी बदलू शकतो. आपली मूळ प्रत आपल्याकडेच ठेवा. त्यासाठी ग्रॅम्प्स हा फुकट प्रोग्राम आहे, नाही तर साधी गूगल शीट. प्रत्येक नावापुढे एक रकाना ‘कुठून कळलं’ याचा. ‘आजी म्हणाली’ हेही उत्तर चालतं, पण लिहिलेलं हवं.

गाव समजायला आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं 1906 चं वर्धा जिल्हा गॅझेटिअर इंटरनेट अर्काइव्हवर वाचा. घरात 1942 च्या मोर्चाची गोष्ट सांगितली जात असेल, तर सांस्कृतिक मंत्रालय आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्या पाच खंडी हुतात्मा कोशात महाराष्ट्राचा खंड उघडा. आष्टीच्या हुतात्म्यांना तिथे शोधा. घरचा माणूस मोर्चात होता पण हुतात्मा नव्हता, तर तो त्या कोशात नसणार. त्याच्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर फुकट नोंदणी करून आष्टी आणि 1942 च्याच आंदोलनातलं चिमूर ही नावं टाका.

एवढं जमलं की पीडीएफ करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. त्याआधी हयात माणसांच्या जन्मतारखा, आधारचे फोटो आणि ताजे सातबारे काढून टाका. वावराचा वाद एखाद्या तरी घरात चालूच असतो, आणि वंशावळीतली एक ओळ कोर्टात पोचायला वेळ लागत नाही.