अलिबागला जाण्याआधी

जिंतूर

चि. सोनीस,

कोकणातल्या यहुद्यांच्या बेने इस्रायल समाजावर लिहिण्यासाठी तू अलिबागला निघाली आहेस, हे कळले. मुंबईची वर्तमानपत्रे आपल्या जिंतूरला कधी आठवतात? येलदरीच्या धरणाने तळ गाठला की. तेव्हा आपल्याला जे वाटते तेच त्या घरांना वाटत असणार, कारण गाझात बॉम्ब पडला की वार्ताहर त्यांच्या दारात उभा राहतो आणि प्रतिक्रिया मागतो. तू तसे करू नकोस. रोह्याच्या रोहेकरांनी नेतान्याहूंच्या वतीने उत्तर का द्यावे?

त्यांचे इस्रायलशी नाते साधे नाही. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. पण तिथल्या रब्बींनी लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. तेव्हा 1964 साली याच कोकणातल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि अखेर तो आदेश मागे घ्यावा लागला. हे ठाऊक असेल तर तुझे प्रश्न आपोआप बदलतील.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली, ही कथा तुला सगळे सांगतील. आदराने लिही, पण 'समाजाची परंपरा सांगते' असे म्हणून लिही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. मुंबईत मांडवीचे सिनेगॉग 1796 साली याच समाजाच्या सॅम्युएल दिवेकरांनी बांधले. पुण्याचे लाल देऊळ मात्र डेव्हिड ससूनचे, म्हणजे बगदादी यहुद्यांचे. 26/11 ला नरिमन हाऊसमध्ये मारले गेलेले होल्ट्झबर्ग दांपत्य तर न्यूयॉर्कहून आलेले, चबाद पंथाचे. हे तिन्ही समाज एकाच वाक्यात कोंबलेली बातमी माझ्या हातात आली तर मी ती परत पाठवीन.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो. त्या वेळात फोन करू नकोस, सिनेगॉगमध्ये कॅमेराही काढू नकोस. मलिद्याच्या विधीला बोलावले तर वही पिशवीत ठेवून बस. पोहे, ओले खोबरे आणि फळे पुढे येतील, प्रेषित एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले जाईल. नंतर बोलायला लोक आपण होऊन जवळ येतात. मराठीतच बोल, त्यांचे कीर्तनही मराठीत होते, आणि त्यांचा वल्हांडण सणाचा ग्रंथ, हग्गादा, 1846 साली मराठीत छापला गेला आहे.

आणखी एक, आणि हे मला फार लागते. आपल्याकडे शिस्तीच्या कौतुकात हिटलरचे नाव सहज घेतात. साठ लाख यहुदी ज्याने मारले त्याचे नाव तुझ्या लेखात कुणाच्या तोंडी कौतुकाने आले, तर ते वाक्य तसेच सोडू नकोस. त्याच्याखाली हा आकडा लिही.

2016 साली आपल्या राज्याने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा दाखला, शिष्यवृत्ती, स्मशानभूमीची जागा यांचे पुढे काय झाले, ते अलिबागच्या कचेरीत जाऊन विचार. तीच बातमी मला आधी वाचायची आहे.

तुझा,
मामा