शंकर नाग : दोन भाषांच्या रंगमंचावरील नट

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात शरावती नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे होन्नावर हे गाव आहे. या परिसरातील कर्की येथील भागवत मंडळी १८४२ च्या सुमारास सांगलीस आली, तिचे खेळ संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले, तसेच खेळ मराठीत रचण्याची आज्ञा त्यांनी विष्णुदास भावे यांना केली, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी नाटकाच्या कोणत्याही इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात हा वृत्तान्त असतो. त्याच होन्नावरजवळील मल्लापूर या खेड्यात ९ नोव्हेंबर १९५४ रोजी शंकर नागरकट्टे यांचा जन्म झाला. पुढे ते शंकर नाग या नावाने ओळखले गेले. कर्कीकरांनी सांगलीला जे दिले ते शंकर नाग यांनी परत नेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मराठी रंगभूमीवर घडलेला एक तरुण नट बंगळूरला गेला आणि जाताना मराठी नाटकेच नव्हे, तर नाटक करण्याची एक रीतही बरोबर घेऊन गेला, एवढे निश्चितपणे म्हणता येते. त्यांचे कन्नड चित्रपट असंख्य लोकांनी पाहिले. ही रीत मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

नागरकट्टे कुटुंब कोकणी भाषिक, सारस्वत. शंकर यांचे थोरले बंधू अनंत हे आधी मुंबईस आले आणि सत्यदेव दुबे यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या सहवासात कोकणी, कन्नड व मराठी नाटकांतून कामे करू लागले. १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ने अनंत नाग हे नाव देशभर झाले. शंकर शिक्षण आटोपून मुंबईत आले तेव्हा ही वाट मळलेली होती. त्यांनी बँकेत नोकरी धरली. मराठी नाटकांच्या तालमी हे त्यांचे दुसरे, आणि लवकरच पहिले, जग झाले.

त्या काळची मुंबई ध्यानात घेतल्याखेरीज या नटाची जडणघडण कळत नाही. १९६० साली ‘रंगायन’ने जी चळवळ सुरू केली, तिचे दुसरे पर्व १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’च्या प्रयोगांनी रंगू लागले होते. नट दिवसा बँकेत, विमा कचेरीत किंवा शाळेत नोकरी करीत आणि संध्याकाळी तालमीला जमत. मानधनाचा प्रश्नच नसे. नेपथ्य म्हणजे दोन चौरंग आणि एक पडदा. ज्याचा त्या दिवशी प्रवेश नसेल तो प्रकाशयोजना सांभाळी किंवा तिकिटे फाडी. दारिद्र्याला येथे कोणी कलामूल्य मानीत नसे. पैसा नव्हता, म्हणून संहिता आणि नट यांवरच सारा भार टाकावा लागे, आणि त्यातून एक शिस्त निपजली. व्यावसायिक नाटकाच्या तुलनेत या मंडळींना प्रेक्षक थोडे मिळाले, परंतु तालमीची सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

अशाच तालमींच्या निमित्ताने शंकर यांची अरुंधती राव यांच्याशी ओळख झाली. दिल्लीत जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या अरुंधती या मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांच्या रंगभूमीवर वावरत होत्या. पुढे, १९८० मध्ये, त्यांचा विवाह झाला.

मराठीला शंकर नाग यांनी दिलेली एक गोष्ट सहसा विसरली जाते. जयू आणि नचिकेत पटवर्धन या वास्तुशिल्पी दांपत्याने १९७९ साली ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट केला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात लोकांचा रोष ओढवून घेणाऱ्या रँडचा चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर वध केला, ती ही तारीख. या चित्रपटाच्या पटकथा लेखनात शंकर नाग यांचा सहभाग होता. चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देशभक्तीपर विषय असूनही त्यात आवेशाची भाषणे नाहीत. अरुंद वाडे, कोंदट खोल्या आणि माणसांचे मौन यांतूनच प्रसंग बांधलेले आहेत. आज हा चित्रपट पाहताना प्रायोगिक रंगभूमीच्या काटकसरीची आठवण होते.

तोपर्यंत त्यांना कन्नड चित्रपटाने बोलावले होते. गिरीश कार्नाड यांनी १९७८ मध्ये ‘ओंदानोंदु कालदल्ली’ म्हणजे ‘कोणे एके काळी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. अकिरा कुरोसावा यांच्या सामुराईपटांचे ऋण त्यावर उघड आहे. मध्ययुगीन कर्नाटकातील दोन भाऊबंद सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत, आणि गंडुगली नावाचा एक भाडोत्री योद्धा त्यांपैकी एकाच्या पदरी राहतो. शंकर नाग यांची पडद्यावरील ही पहिली मोठी भूमिका. गंडुगलीला मालक आहे, पण निष्ठा नाही. युद्ध हा त्याचा धंदा असला तरी धंद्यातही काही गोष्टी तो विकत नाही. शंकर यांनी हा माणूस शब्दांपेक्षा चालण्यातून उभा केला. किंचित पुढे झुकलेली, घाईची, सदैव सावध अशी ती चाल पुढे त्यांच्या साऱ्या भूमिकांत उतरली आणि अखेरीस तिचा थोडा अतिरेकही झाला. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला. वय अवघे चोवीस.

अशा यशानंतर नट सहसा रंगभूमी सोडतो. शंकर नाग यांनी बंगळूरला बिऱ्हाड केले आणि अरुंधतींसह ‘संकेत’ ही हौशी नाट्यसंस्था काढली. कार्नाडांचे ‘अंजु मल्लिगे’ तिने केले. परंतु मराठी वाचकाचे कुतूहल जागे होते ते पुढील दोन नावांपाशी. ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही जयवंत दळवी यांची नाटके शंकर नाग यांच्या दिग्दर्शनाखाली कन्नडमध्ये आली.

दोन्ही नाटके मराठीत विजया मेहता यांनी गाजवलेली होती. ‘संध्याछाया’ १९७३ चे, ‘बॅरिस्टर’ १९७७ चे. म्हणजे मुंबईत या नाटकांचा बोलबाला होता, त्याच वर्षांत शंकर तेथील तालमींत वावरत होते. ‘बॅरिस्टर’मध्ये विलायतेहून शिकून आलेला सुधारक मनाचा माणूस आहे, घरात केशवपन केलेली मावशी आहे, आणि घराण्यातील वेडाची सावली त्याच्या पाठीशी उभी आहे. ‘संध्याछाया’त मुले दूर गेलेले एक वृद्ध जोडपे आहे. त्यांचे दिवस वाट पाहण्यात आणि कुणाशी तरी बोलण्याच्या धडपडीत जातात.

ही नाटके कन्नडमध्ये नेण्यात अवघड काय आणि सोपे काय, याचा विचार भाषांतराची आवड असलेल्या वाचकाने अवश्य करावा. सोवळे-ओवळे ही कल्पना कन्नड प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. तिला ‘मडी’ हा हाताशी असलेला शब्द आहे, आणि यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ कादंबरीने व तीवरील १९७० च्या चित्रपटाने तो विषय तेथे आधीच ऐरणीवर आणलेला होता. अडते ते साध्या शब्दांपाशी. मराठीतील ‘मावशी’ ही आईची थोरली बहीण की धाकटी, हे सांगण्याची गरज नसते. कन्नडमध्ये ती साधारणतः ‘दोड्डम्मा’ तरी होते किंवा ‘चिक्कम्मा’ तरी. मूळ नाटककाराने जे उघडच ठेवले, ते अनुवादकाला ठरवावे लागते, आणि त्या एका निर्णयाने पात्राचे घरातील वजन बदलते. ‘संध्याछाया’चे तसे नाही. मुलाच्या पत्राची वाट पाहणारे आईबाप दादर-पार्ल्यात होते तसेच बंगळूरच्या बसवनगुडी-मल्लेश्वरमातही होते. १९८० च्या आसपासच्या मध्यमवर्गाची ही व्यथा दोन्ही शहरांत एकाच मापाची होती, आणि म्हणूनच या नाटकाची निवड अचूक होती.

या नाटकांना पैसा पुरवला तो चित्रपटांनी. १९८० च्या ‘ऑटो राजा’ने शंकर नाग यांना रिक्षाचालकांचा नायक केले. आजही बंगळूरच्या रिक्षांच्या पाठीवर त्यांची छबी दिसते आणि राज्यभरातील कित्येक रिक्षाथांब्यांना त्यांचे नाव आहे. रौप्यमयूर मिळवणाऱ्या नटाला असे प्रेम क्वचितच लाभते. मारामारीच्या चित्रपटांमुळे लोक त्यांना ‘कराटे किंग’ म्हणू लागले. पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेतील ‘सांग्लियाना’ १९८८ मध्ये आला आणि त्याचा दुसरा भागही निघाला. बारा वर्षांत ऐंशीहून अधिक चित्रपट! त्यांतील बरेचसे आज पाहवत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. संवाद ठराविक, नायिका शोभेपुरती, शेवट आधीच ठाऊक. त्यांतही शंकर नाग कंटाळलेले दिसत नाहीत, ही त्यांच्या तालमीची पुण्याई.

त्यांचा खरा कस दिग्दर्शनात लागला. १९८० चा ‘मिंचिन ओट’ ही मोटारचोरांची आणि तुरुंगातून पळणाऱ्या माणसांची कथा. दोघे बंधू त्यात एकत्र होते. ‘गीता’ (१९८१) इळैयाराजा यांच्या संगीतामुळे घरोघर पोचला. ‘अ‍ॅक्सिडेंट’मध्ये राजकारणी पुढाऱ्याचा मुलगा नशेत गाडी चालवून पदपथावर झोपलेल्यांना चिरडतो, आणि ते प्रकरण दडपले जाते. अनंत नाग यांनी पुढारी केला, शंकर यांनी त्याचा माग काढणारा पत्रकार. त्यात एकही गाणे नाही. सामाजिक विषयावरील चित्रपट म्हणून १९८४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. त्याच वर्षी आलेल्या कार्नाडांच्या ‘उत्सव’ या हिंदी चित्रपटात ते चोर झाले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘मृच्छकटिका’मुळे मराठी रसिकाला जो शर्विलक परिचित आहे, त्याचाच हा मिस्कील भाऊबंद.

देशाला मात्र त्यांचे नाव माहीत झाले ते दूरदर्शनवरील ‘मालगुडी डेज’मुळे. आर. के. नारायण यांच्या कथांवरील ही मालिका १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसारित झाली. नारायण यांचे मालगुडी नकाशावर नाही. शंकर यांनी ते शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे या पावसाळी घाटमाथ्यावरच्या गावी वसवले. जुने घर, ओसरी, दगडी रस्ता. चित्रे नारायण यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचे, स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ आणि त्याच्या वडिलांच्या भूमिकेत कार्नाड. येथे कॅमेरा घाई करीत नाही. मास्तर, हलवाई, टपालवाला ही माणसे हौशी नाट्यसंस्थेतील नटांसारखी एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यांतले बरेच नट खरोखरच बंगळूरच्या रंगभूमीवरचे होते. दिग्दर्शक म्हणून त्यांची सर्वांत परिपक्व कृती हीच, असे मानण्यास हरकत नाही.

नाटक सुटले नव्हते. कार्नाडांचे ‘नागमंडल’ त्यांनी ‘संकेत’साठी बसवले. ध्वनिमुद्रणासाठी कन्नड निर्मात्यांना मद्रासची वाट धरावी लागे, म्हणून बंगळूरमध्येच त्यांनी स्टुडिओ उभारला. कामाचा हा वेग कोणत्याही माणसाला झेपणारा नव्हता.

३० सप्टेंबर १९९० च्या पहाटे दावणगेरेजवळ आनगोडु गावापाशी त्यांच्या मोटारीला अपघात झाला. ते चित्रीकरणासाठी निघाले होते. शंकर नाग जागीच गेले. छत्तीस वर्षे पुरी होण्यास एक महिना आणि काही दिवस उरले होते. बरोबर असलेल्या अरुंधती नाग गंभीर जखमी झाल्या आणि दीर्घ उपचारांनंतर पुन्हा उभ्या राहिल्या.

नाटकासाठीच बांधलेले, गरीब संस्थांना परवडणारे एक नाट्यगृह बंगळूरमध्ये असावे, हा विचार मागे राहिला होता. अरुंधतींनी तो हाती घेतला. शासनाकडून जागा, उद्योगांकडून व नागरिकांकडून देणग्या, असे करीत ऑक्टोबर २००४ मध्ये जे. पी. नगरात ‘रंगशंकर’ उघडले. सुमारे सव्वातीनशे आसने, तिन्ही बाजूंनी प्रेक्षकांकडे झुकलेला मंच आणि जवळजवळ रोज एक प्रयोग. येथे कन्नडबरोबर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर भाषांची नाटके होतात. २००५ मध्ये कार्नाडांच्या ‘ओडकलु बिंब’ या एकपात्री नाटकात अरुंधती स्वतः या मंचावर आल्या. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील आपल्याच प्रतिमेशी वाद घालणाऱ्या लेखिकेची ती भूमिका होती. ‘पा’ या हिंदी चित्रपटातील २००९ च्या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१० मध्ये पद्मश्री.

शंकर नाग बंगळूरला आले तेव्हा शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर हे मोठ्या तळ्याकाठचे शेतीचे खेडे होते. आज तेथे संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, आणि पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्या बाजूस राहतात. तेथून जे. पी. नगरला नाटकाला जायचे तर वाहनांच्या गर्दीचा हिशेब करून बरेच आधी निघावे लागते. रंगशंकरचा नियम असा, की प्रयोग ठरलेल्या क्षणी सुरू होतो आणि उशिरा आलेल्या कोणालाही, तो कितीही मोठा असो, आत सोडले जात नाही.