प्लॅन वाढवण्याआधी घरातली वायर बघा

नेट अडकायला लागलं की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी एकच उपाय सुचतो: प्लॅन वाढवा. आधी हिशेब मांडा. जिओफायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन महिना ६९९ रुपयांचा, १५० चा ९९९ रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे बिल येतं साधारण ८२५ आणि १,१७९ रुपयांचं. वर्षाचा फरक ४,२४८ रुपये. महागड्या प्लॅनसोबत येणारं ओटीटी घरात बघितलं जात असेल तर ठीक. नसेल, तर तेवढ्यात बरा ड्युअल बँड राउटर आणि हॉलपासून बेडरूमपर्यंत कॅट ६ वायर, दोन्ही होतं. तेही एकदाच.

वेग लागतो तरी किती? नेटफ्लिक्स एचडीला ५ एमबीपीएस सांगतं, फोर-केला १५. टीव्ही, दोन व्हिडिओ कॉल आणि मुलाचा गेम एकाच वेळी चालू असला, तरी १०० पुष्कळ झाले. मोठा वेग कामी येतो तो डाउनलोडला. एमबीपीएसला आठने भागा: १०० च्या लाइनवर सेकंदाला साडेबारा एमबी. ७० जीबीचा गेम दीड तासात उतरतो. ३० च्या लाइनवर पाच तास लागतात, पण रात्री लावून झोपलात तर ३९९ चा प्लॅनही पुरतो.

अडतं ते घरातच. पुनर्विकासातल्या नव्या टॉवरांत बऱ्याचदा आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वेगवान, पण अशा दोन भिंतींत दमतो. २.४ चा बँड पलीकडे पोचतो, मात्र त्यावर अख्ख्या मजल्याचे राउटर गर्दी करून असतात. त्यात वायर दारातून येते म्हणून राउटर बसतो चपलांच्या कपाटावर. जोडणीच्या दिवशीच तो घराच्या मध्यावर लावून मागा. वायर थोडी जास्त लागेल, एवढंच.

प्लॅन वाढवण्याआधी लॅपटॉप वायरने राउटरला जोडून वेग मोजा, मग बेडरूममध्ये वायफायवर मोजा. वायरवर ९५ आणि आत २० दिसले, तर दोष वायफायचा. वायरवरही कमी आला, तर कंपनीकडे तक्रार करून तक्रारीचा नंबर घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. तिथेही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि ३०० चा प्लॅन असून वायरवर आकडा ९५ च्या पुढे हलतच नसेल, तर वायरच्या टोकाची क्लिप निरखून बघा. आठपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या, की लाइन शंभरावर अडते. स्वस्त राउटरचे पोर्टही तसेच अडतात.

गेमिंगवाल्यांनी वेगापेक्षा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, बघावा. व्हॅलरंट या गेमचा सर्व्हर मुंबईतच आहे. घाटकोपरच्या घरातून खेळताना पिंग शंभरावर उड्या मारत असेल, तर आधी वायफाय सोडून वायर लावा. दहा मीटर तयार वायर तीन-चारशे रुपयांत मिळते. मग हजारभराचा माउस. १४४ हर्ट्झचा मॉनिटर अगदी शेवटी, तोही ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम काढत असेल तरच. नाहीतर ते दहा हजार वाया जातात. खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा किंवा अंधेरीत, सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. बिलाशिवाय दोन-तीनशे सुटतात, पण वॉरंटीच्या वेळी हातात दाखवायला काही राहत नाही.