अपडेटच्या पहिल्या दोन दिवसांत तिजोरी उघडू नका

आमच्या क्लॅनमध्ये एक नियम आहे. मोठं अपडेट आलं की पहिले दोन दिवस किमती वस्तूला हात लावायचा नाही. गेममध्ये खुशाल जा, नवा नकाशा फिरून बघा, पण व्यापार नाही, लिलाव नाही, आणि क्लॅनची सामायिक तिजोरी तर अजिबात उघडायची नाही. नव्याने आलेली मुलं यावर कुरकुरतात. त्यांच्यासाठी, आणि ऑनलाइन गेम जीव लावून खेळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

आम्ही पुणे, नाशिक, मडगाव, दुबई आणि न्यू जर्सी इथली मंडळी. शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर जमतो, तेव्हा न्यू जर्सीवाल्यांची सकाळची कॉफी चाललेली असते. अशाच एका शनिवारी, सणाच्या तोंडावर घाईने सोडलेल्या अपडेटनंतर, तिजोरीतून वस्तू काढताना नेट तुटलं तर ती वस्तू दोन ठिकाणी दिसायला लागली. एक तिजोरीत, एक आपल्या झोळीत. खेळाडू याला ‘ड्यूप’ म्हणतात. ही युक्ती बघता बघता सगळ्यांना कळली, बाजारात दुर्मिळ तलवारींचा पूर आला आणि भाव कोसळले. शेवटी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि सगळा खेळ त्या दिवशीच्या सकाळच्या स्थितीवर नेऊन ठेवला. हा रोलबॅक. लबाडी करणारे आणि सरळ खेळणारे, दोघांचाही दिवस सारखाच पुसला गेला.

आमच्यातली नाशिकची मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळ्या सांभाळून ती कित्येक महिने एका ड्रॅगनच्या मागे होती, कारण त्याला मारल्यावर क्वचित कधीतरी एक धनुष्य मिळतं. ते तिला नेमकं त्याच दुपारी मिळालं. आम्ही सगळे माईकवर ओरडलो होतो. रात्री सर्व्हर परत सुरू झाले तेव्हा झोळीत धनुष्य नव्हतं. भरपाई म्हणून सगळ्यांना सरसकट थोडी नाणी आणि एक टोपी आली. ती काहीच बोलली नाही, माईक बंद करून निघून गेली. तिच्या सुट्टीच्या दिवसांची ती किंमत बघून आलेला राग माझ्या मनात अजून ताजा आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासण्याचंच काम करते, त्यामुळे असं का होतं हे मला ठाऊक आहे. तारीख आधी ठरते. सण, नवा सीझन, जाहिराती सगळं त्या तारखेला बांधलेलं असतं. कोड लिहायला ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले की ते दिवस तपासणीतून कापले जातात, कारण साखळीत शेवटी तपासणीच उभी असते. त्यातून नवी गोष्ट चालते का एवढं कसंबसं बघून होतं. नव्या गोष्टीने जुनं काही मोडलं का, हे बघायला वेळच उरत नाही. नेट तुटल्यावर तिजोरी कशी वागते हा प्रश्न त्याच राहिलेल्या यादीतला. आणि बऱ्याचदा तपासनीसाने दोष आधीच नोंदवलेला असतो, तरी ‘पुढच्या पॅचमध्ये बघू’ म्हणून अपडेट सोडलं जातं.

हा प्रकार किती दूर जाऊ शकतो याचं उदाहरण जुनं आहे. डिसेंबर २००७ मध्ये आइसलँडच्या सीसीपी कंपनीने ईव्ह ऑनलाइन या गेमचं ट्रिनिटी नावाचं मोठं अपडेट सोडलं. गेमच्या फोल्डरमध्ये ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची एक फाइल होती, ती काढून टाकायची होती. विंडोज एक्सपीमध्ये संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलचं नावही हेच. पत्ता लिहिण्यात चूक झाली आणि काही खेळाडूंच्या संगणकातून विंडोजचीच फाइल उडाली. मशीन पुन्हा चालू केलं तर चालूच होईना. म्हणून मोठ्या अपडेटआधी कामाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता पुराव्याबद्दल, कारण धनुष्य परत मिळालं ते पुराव्यामुळे. दुबईच्या दादाला खेळताना स्क्रीन रेकॉर्ड करायची सवय. त्याच्याकडे तो क्षण होता. तक्रारीत आम्ही पात्राचं नाव, सर्व्हरचं नाव, व्हिडिओ आणि सर्व्हरच्या घड्याळाची वेळ दिली. भारतीय वेळ लिहिली असती तर त्यांना त्यांच्या नोंदींत काही सापडलं नसतं. पहिलं उत्तर छापील आलं, दुसरंही तसंच. आम्ही नवं तिकीट न काढता त्याच तिकिटावर उत्तर देत राहिलो, कारण नवं तिकीट काढलं की पुन्हा रांगेच्या शेवटी. काही आठवड्यांनी धनुष्य आलं. क्लॅनमधल्याच दुसऱ्या एकाचं चिलखत गेलं होतं, त्याच्याकडे साधा स्क्रीनशॉटही नव्हता. त्याला काहीच मिळालं नाही. अपडेटच्या आदल्या रात्री झोळी, तिजोरी आणि नाण्यांचा आकडा यांचे स्क्रीनशॉट काढा. पैसे भरले असतील तर पावतीचा ईमेल जपून ठेवा.

तक्रार लिहिताना ‘अपडेटनंतर गेम सारखा बंद पडतो’ एवढ्याने कुणाचंच भलं होत नाही. गेमचा आवृत्ती क्रमांक लिहा, फोनचं किंवा ग्राफिक्स कार्डचं मॉडेल लिहा, आणि मग असं लिहा: बंदरावर घोड्यावर बसून होडीतून उतरलं की दर वेळी गेम बंद पडतो, पायी उतरलं तर पडत नाही. एवढं वाचलं की डेव्हलपर कामाला लागू शकतो. पलीकडे उत्तर देणाऱ्याला शिव्या घालू नका. तारीख त्याने ठरवलेली नसते, आणि तुमचं तिकीट पुढे सरकवणारा तिथे तोच एकटा असतो.

राग दाखवायची खरी जागा पाकीट आहे. अपडेटच्या आठवड्यात काही विकत घेऊ नका. सीझन पास तर बहुतेक गेममध्ये शेवटच्या दिवसांत घेतला तरी तोपर्यंत गाठलेल्या पातळ्यांची सगळी बक्षिसं एकदम मिळतात. आपल्या गेमचा नियम एकदा वाचून खात्री करा आणि थांबा. कंपन्यांना थांबता येत नाही असं नाही. युबिसॉफ्टने २०१७ मध्ये रेनबो सिक्स सीजचा नवा सीझन पुढे ढकलला आणि ते महिने सर्व्हर आणि जुने दोष दुरुस्त करायला दिले. ‘ऑपरेशन हेल्थ’ हे त्याचं नाव. तेव्हाही नवं काही मिळत नाही म्हणून काही खेळाडू चिडले होते. ते मला पटत नाही. नीट तपासा असं म्हणायचं असेल तर उशीर सहन करायची तयारी आपणही दाखवली पाहिजे.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी चाचणी सर्व्हरवर जावं. तिथे आपल्या पात्राची नक्कल मिळते, तिथली कमाई खऱ्या खात्यात येत नाही, त्यामुळे काही गमावायची भीती नसते. मुद्दाम वेडंवाकडं खेळा: व्यापाराच्या मध्येच नेट बंद करा, झोळी भरलेली असताना बक्षीस घ्या, दोघांनी एकाच वेळी तिजोरीतली एकच वस्तू उचला. आमच्यातले काहीजण आता नेमाने जातात. मागच्या अपडेटआधी त्यांना लिलावात बोली रद्द केल्यावर नाणी दोनदा परत येताना दिसली. व्हिडिओसकट कळवलं, आणि त्या अपडेटमधून नवा लिलाव वगळला गेला.